शिपायांच्या मास्तरांचे मास्तर

आदरणीय शेख युनूस सरांना मी पहिल्यांदा भेटले ती नाराज मनाने. अमरावतीच्या पोलीस ठाण्यातून माझी बदली अकोल्याच्या प्रशिक्षण केंद्रात झाली होती. आमच्या खात्यात ही बदली म्हणजे शिक्षाच. सर तेव्हा निवृत्त झालेले होते, पण नव्या शिपायांना शिकवणारे अधिकारी घडवण्याचा वर्ग घ्यायला अकोटहून एसटीने येत.

पहिल्याच दिवशी त्या वर्गात नमुना पाठ म्हणून मी ‘फिर्याद कशी नोंदवावी’ यावर चाळीस मिनिटे बोलले. मागच्या बाकावरचे सर शेजारच्या हवालदारांना म्हणाले, “भाऊ, आता तुमी फिर्याद घेऊन दाखवा.” हवालदार उठले आणि नुसते उभे राहिले. सर सर्वांसमोर मला काही बोलले नाहीत. नंतर व्हरांड्यात म्हणाले, “बेटा, तू कलमं वाचून राहिली होती. शिकवून नव्हती राहिली.”

सर स्वतः फिर्यादी होऊन खुर्चीत बसत. कधी बहिरी म्हातारी, कधी मराठी न येणारी मेळघाटातली कोरकू बाई. आम्ही अडायचो, चिडायचो, पुन्हा करायचो. “ज्याले शिकवलं त्याच्या हातून काम झालं पाह्यजे,” ते म्हणत, “तुह्या बोलण्याचा काय उपेग?”

त्याच काळात माझे वडील अकोल्याच्या दवाखान्यात होते. सर रोज भाकरीचा डबा घेऊन येत आणि मी जेवेपर्यंत वडिलांच्या उशाशी बसत. जाताना माझे पाठाचे टाचण तपासून देत.

मी प्रशिक्षक झाले. एका तुकडीच्या वेळी बंदोबस्त लागला आणि दिवस कापले गेले. मी सराव गाळला. तुकडीच्या नोंदवहीत मात्र ‘सराव पूर्ण’ असे लिहून सही केली.

त्या तुकडीतला एक शिपाई धारणीकडच्या ठाण्यात लागला. कडेवर मूल घेऊन एक कोरकू बाई आली. नवरा मारून टाकील, असे ती सांगत होती. शिपायाला तिची भाषा कळेना. मराठी येणाऱ्या कुणाला तरी घेऊन ये, असे खुणेने सांगून त्याने तिला परत पाठवले. चौथ्या दिवशी नवऱ्याने तिचा खून केला. शिपाई निलंबित झाला. माझी वही चोख होती. मला कुणी काहीच विचारले नाही.

मी अकोटला जाऊन सरांना सगळे सांगितले. ते समजूत घालतील असे वाटले होते.

“मी तुले हेच शिकवलं होतं ना?”

“हो, सर.”

“मंग माह्यं शिकवणंही कागदावरच राह्यलं.”

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पुढच्या आठवड्यात मला घेऊन ते त्या शिपायाच्या घरी गेले. तो माझ्याकडे बघत म्हणाला, “मॅडम, मले हे आधी काहून नाई शिकवलं?” मी चूक कबूल केली. सरांनी त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि दुपारभर त्याच्याकडून फिर्याद घेण्याचा सराव करून घेतला. आता त्याचा कुणाला उपयोग नव्हता, हे आम्हा तिघांनाही कळत होते. त्या संध्याकाळी मी वरिष्ठांना खरे काय ते लिहून दिले. उत्तर आले नाही.

पुढे सरांचा तो वर्गही बंद पडला. त्या खोलीत आता बंदोबस्ताचे अडथळे रचलेले आहेत. सरांनी घडवलेले आम्ही बहुतेक जण मिरवणुकींच्या कडेला उभे असतो. वर्ग पुन्हा सुरू करा, असा अर्ज सर दरवर्षी स्वतःच्या हाताने लिहून पाठवतात. पोचही मिळत नाही.

सरांच्या या गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, असे मी त्यांनाच विचारले. “खोटं लिहिशील तं मी वाचणार नाई,” ते म्हणाले.

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांचे गुडघे चालते राहोत, नजर शाबूत राहो, घरात हसणे-बोलणे राहो. तो वर्ग पुन्हा भरेल, असे मला आता वाटत नाही. सरांना वाटते. म्हणून अल्लाने त्यांना भरपूर, निरोगी वर्षे द्यावीत. आमच्या खात्याला फार वेळ लागतो.