दारावरचा निंबाचा डहाळा

मी गाव सोडलं तेव्हा बाबा मला मौद्याला बसपर्यंत सोडायला आले होते. सायकलच्या कॅरिअरला घरच्या तांदळाचं गाठोडं बांधलेलं, ते सायकल हाती धरून पुढे आणि मी मागे. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं, आणि नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात आयाची जागा मिळाली होती. आई घरीच थांबली. निघताना एवढंच म्हणाली, "लोकायची घाण काढतो असं सांगू नको कोणाले. नर्स हाय म्हणजो." बाबांनी गाठोडं बसमध्ये चढवून दिलं आणि म्हणाले, "नाई जमलं त वापस ये. घर काही कुठं पळून नाई चाललं."

मला जमलं. मनीषनगरात फ्लॅटच्या रांगांमागे एक खोली भाड्याने घेतली. ड्युटी, शिफ्ट, वॉर्ड, डिस्चार्ज हे शब्द जिभेवर बसले. सुट्टीत गावी गेले की तुम्ही गावातले सगळे आमच्या अंगणात जमायचात. कोणी एक्स-रे घेऊन, कोणी शुगरच्या गोळ्या घेऊन. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण "डॉक्टरला दाखवा" एवढं सांगितलं तरी तुमचं समाधान व्हायचं. आई चहा करता करता फुशारून जायची. तुमच्यापैकी किती जणांना मी आमच्या दवाखान्यात आणून, ओळखीने नंबर लावून दिला, ते तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं.

मग तो आजार आला. शहर कसं वागलं ते आधी सांगते, म्हणजे मी फक्त गावावरच दात धरून आहे असं वाटायला नको. ज्या लोकांनी गॅलरीत उभं राहून आमच्या नावाने थाळ्या वाजवल्या, त्यांनीच घरमालकिणीला सांगून मला नळावर यायला बंदी केली. मी ड्युटीवरून यायची तेव्हा खिडक्या लागायच्या. दवाखान्यात किट घालून घामाने निथळत मेलेल्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, आणि घरी येऊन शेजारणीने लांबून ठेवलेली पाण्याची बादली उचलायची. गावी जावं म्हटलं तर आईचा फोन, "आता येऊ नको वं. लोकं म्हणून राहिले, तुह्यी पोरगी बिमारी घेऊन येईन."

दुसऱ्या लाटेत आमच्या गावातल्या किराणा दुकानदाराला दवाखान्याची गाडी घेऊन गेली. तो परत आला नाही. त्याच्या बायकोला त्याचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. त्यानंतर गावात ताप हा शब्द कोणी उच्चारीना. अंग तापलं तरी लोक शेतात जात, खोकला आला की पदर, दुपट्टा तोंडात कोंबत. याला अडाणीपणा म्हणणाऱ्या बऱ्याच शिकलेल्या माणसांना मी भेटले आहे. मी म्हणत नाही. दुकानदाराचं जे झालं ते खरंच झालं होतं.

अशात आईचा फोन आला. "तुह्या बाबाच्या अंगावर माता निघाल्या. दारावर निंब बांधला हाय. येऊ नको."

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे अंगावर कांजिण्या उठल्या की माता आली म्हणतात. दारावर कडुनिंबाचा डहाळा बांधतात, मातेपुढे दिवा लावतात. घरात फोडणी घालत नाहीत, औषध देत नाहीत, आणि बाहेरचं माणूस आत पाऊल टाकत नाही. मयताला हात लावून आलेलं तर नाहीच. म्हणजे मी नाहीच नाही.

पण बाबांच्या चेहऱ्यावर लहानपणच्या मातेचे खड्डे आहेत. आमच्याकडे सगळे मानतात की एकदा येऊन गेलेली माता त्या माणसाकडे पुन्हा फिरकत नाही. आईला हे माझ्याआधीपासून ठाऊक होतं. मी विचारलं, "बाबाले श्वास घेता येते का?" तिने फोन ठेवला.

दवाखान्यातल्या ओळखीच्या ड्रायव्हरने गाडी काढली. गावाच्या तोंडाशी बांबू आडवा टाकलेला आणि तिथे माझा चुलतभाऊ रमेश.

"ताई, आत नाई सोडू शकत. गावाचा निर्णय हाय."

"माह्या बापाले न्यायले आली मी."

"न्यायचं असन त ने. काकाले बाहेर आण, मी बांबू उचलतो. पण गाडी आत नको."

आत यायला बंदी होती, पण बाहेर न्यायला कोणाचीच हरकत नव्हती. मी चालत गेले. दिवसाउजेडी सगळी दारं बंद. माझ्याकडून गोळ्यांची नावं वाचून घेणारी माणसं फटीतून पाहत होती.

आमच्या दारावर ताजा डहाळा होता. आई दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली. "पाया पडतो तुह्या बाई, नको नेऊ त्यायले. तिथून कोणी वापस येते का?"

"येतात. मी पाह्यते ना रोज. तू काहून असं करून राहिली?"

"अन् नाई आले त? मले तोंड तरी दिसन का?"

आतून बाबांचा श्वास ऐकू येत होता. शेवटी तेच भिंत धरून बाहेर आले आणि म्हणाले, "पोरगी आली हाय त जातो वं मी." आईने हात खाली घेतले.

मी तिलाही चल म्हटलं. तिला ताप नव्हता, निदान ती तसं म्हणाली. "मातेपुढं दिवा लावला हाय, तो टाकून कशी येऊ?" मला तेव्हा तिची चीड आली. माता खोटी होती, तिनेच रचलेली होती. पण दिवा लावल्यावर, रोज हात जोडल्यावर ती स्वतःच त्यात अडकली. आता उठून गेलं तर खरोखरच कोप होईल आणि बाबा दगावतील, असं तिने मनात घेतलं होतं. रमेशला मी जाताना बजावलं, आईकडे पाहत जा. त्याने मान हलवली आणि बांबू उचलला.

बाबांना बेड मिळाला, ऑक्सिजन मिळाला. मी वॉर्डात होते म्हणून मिळाला हे उघडच आहे. आईला रोज फोन करायची. "मी बरी हाय. तू त्यायच्याकडं पाह्य." आवाज बसलेला होता. रडून बसला असेल असं वाटलं. एक दिवस फोन उचलला नाही. रमेशला लावला. तो म्हणाला, जेवण दाराबाहेर ओट्यावर ठेवतो आम्ही, पण कालचं तसंच आहे.

"मग आत जाऊन पाह्य ना गा."

"ताई, दारावर निंब हाय. कसं जाऊ?"

मी पोचले तोवर आई गेली होती. तिचं तोंड मात्र मी पाहिलं.

रमेशची बायको नंतर माझ्याजवळ बसून बोलली, तीही हळूच. "सगळ्यायले माहीत होतं ताई, माता नाई म्हणून. पण निंब होता ना. बरं पडलं." तिच्या खरेपणाबद्दल तिला मानलं पाहिजे. तुमच्यापैकी दुसऱ्या कोणी एवढंही कबूल केलं नाही. तुम्हाला आमच्या दारात यायचं नव्हतं, आणि आईने तुम्हाला तशी सोय करून दिली.

बाबा बरे झाले. ते आता माझ्याकडेच असतात. मनीषनगरात नव्या इमारती वाढल्या, शेजारीण आता मला ताई म्हणते, बीपी मोजायला बोलावते. मीही जाते. गेल्या साली धान कापल्यावर बाबांना गावी नेलं. तुम्ही सगळे आलात, चहा पाजलात, "राह्य ना गा काका, आपलंच गाव हाय" म्हणालात. बाबा पूर्ण वेळ बाहेर अंगणातच बसले, घरात गेले नाहीत.

परतीच्या बसमध्ये ते म्हणाले, "मले वाचवाले तुह्यी माय थांबली, अन् मी निंघून आलो."

मी म्हटलं, "तुम्ही नाई बाबा. मी नेलं तुमाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो," म्हणाले, "तूच नेलं."

त्यात राग नव्हता. आभारही नव्हते. कोणी गाव विचारलं तर मी अजून मौद्याकडचं नाव सांगते. घर विचारलं तर मनीषनगरची खोली सांगते. मी वाचवलेला माणूस तिथे राहतो. मी वाढलेलं जेवतो, आणि माझ्याशी कामापुरतं बोलतो.