नावाड्यांची घंटा

आधी काकांचं सांगतो. पुढे जे सांगायचंय त्यात माझाच घोळ जास्त आहे, आणि घोळ सांगता सांगता माणूस सांभाळणाऱ्याला विसरतो.

काका माझ्या नात्यातले नाहीत. उभा जन्म जहाजावर इंजिनिअर म्हणून काढून ते मालवणजवळच्या आपल्या गावी येऊन राहिले, आणि दोन वर्षांत अर्धांगाने त्यांची उजवी बाजू नेली. त्यांना उठवायला-बसवायला, आंघोळ घालायला, व्यायाम करून घ्यायला मी आलो. कागदावर मी त्यांचा सांभाळ करतो. त्यांनी माझा केला तो कुठल्याच कागदावर नाही, म्हणून इथे लिहितो.

मी हिंगोलीकडचा. नववीत तोंडी परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत गेलो आणि तिथूनच मागे फिरलो. परत गेलोच नाही. घरचे ओरडले, मग ओरडून दमले. पुढे हॉटेल, गोदाम, एका दवाखान्यात वॉर्डबॉय असं करत करत माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीत नाव लागलं. गाडीत बसवताना तिथल्या बाईंनी एवढंच बजावलं, "तुझ्या आधीची दोन माणसं त्या घरातून परत आलीत. तक्रार आली की मी कारण विचारत बसत नाही." मालवण येईपर्यंत ते वाक्य माझ्या पोटात होतं. आल्यावरही तिथेच राहिलं.

काकी, म्हणजे काकांच्या बायको, माझ्या बोलीला मनापासून हसायच्या. माझ्या तोंडून 'का' ऐवजी 'काहून' गेलं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "इलो बघा कावळो! काहून, काहून!" त्यांनीच मला सकाळची पेज प्यायला शिकवली आणि बांगड्याचा काटा न गिळता बांगडा खायला.

काकांनी पहिल्याच आठवड्यात मला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"तुका खेळ येता?"

"पत्ते येतात."

"पत्ते नको. माका हात व्हयो आसा."

तो खेळ म्हणजे एक अख्खं खोटं राज्य होतं. त्यात जादूगार, बोलणारे लांडगे, धुक्यातली नदी, पडके किल्ले. आपण एक माणूस घडवायचा आणि त्याला घेऊन त्या राज्यात फिरायचं. कोणी काम सांगतं, कोणी वाट अडवतं, आणि जे करू त्यावरून आपला माणूस घडत जातो. काका जहाजावर फावल्या वेळात हा खेळ खेळायचे. झटक्यानंतर उजवा हात गेला आणि डावा थरथरायचा. खेळाला एका हाताला माऊस लागतो, दुसऱ्याला बटणं. म्हणून रोज दुपारी जेवण झाल्यावर ते सांगायचे आणि मी दाबायचो. इंग्रजी ते वाचून दाखवायचे, मालवणीत.

त्यांनी घडवलेली होती एक म्हातारी वैदीण. पाठीवर झाडपाल्याचं गाठोडं, हातात काठी. तलवार कधी उचलली नाही. मी विचारलं, हिला कोणी मारलं तर? काकांनी टेबलावरच्या दुरेघी वहीकडे बोट केलं. त्या वहीत, झटक्याआधीच्या अक्षरात, वैदिणीचा सगळा जन्म आखलेला होता. एकेक लेव्हल वर गेलं की तीन पॉइंट मिळतात. ते ताकदीत घालायचे, बुद्धीत की बोलण्यात, हे त्यांनी तिसाव्या लेव्हलपर्यंत ठरवून ठेवलं होतं. मारामारीच्या प्रसंगी ही बाई बोलून वाट काढणार, म्हणून बोलण्यात पॉइंट. विसाव्या लेव्हलला विष उतरवायची विद्या हवी, म्हणून चौथ्यापासून बुद्धीची तयारी. ताकदीच्या रकान्यात पानोपानी शून्य.

मला हात बसावा म्हणून त्यांनी माझा वेगळा माणूस काढून दिला. मी प्रत्येक लेव्हलला एक पॉइंट इकडे, एक तिकडे, एक पलीकडे असे घातले. आठव्या लेव्हलला एका साध्या रानडुकराने मला फाडलं.

काका इतके हसले की काकी बघायला आल्या. "मेल्या, ह्यो काय देवाचो प्रसाद आसा? सगळ्यांका चिमटी चिमटी वाटलंस!"

"कशात कमी पडायला नको म्हणून."

"मगे सगळ्यातच कमी पडलंस."

मी हसलो, पण ते मला लागलं. मी माणूसच तसा होतो. शेजारचे आप्पा पंप बघायला बोलवत, पलीकडची आजी नारळ सोलायला, वरच्या वाडीतले मंडप बांधायला. मी सगळ्यांना हो म्हणायचो. कोणी एजन्सीला फोन करायला नको.

खेळात आणखी एक गोष्ट होती. काका तिला पत म्हणायचे. राज्यात तीन जमाती. नदीवरचे नावाडी, रानातले लोक आणि किल्ल्याचे पहारेकरी. आपण जे वागू त्यावरून प्रत्येकाच्या मनात आपली पत वरखाली होते. प्रत्येकाच्या नावापुढे एक पट्टी. हिरवी असली की आपले, पिवळी म्हणजे बघू, लाल म्हणजे वैरी. पहारेकऱ्यांनी पूर्वी नावाड्यांच्या होड्या जाळल्या होत्या, तेव्हा दोघांशी सोयरीक होणं शक्यच नव्हतं. काकांनी नावाडी धरले, रानातल्यांशी जुळतं घेतलं आणि पहारेकरी लाल होऊ दिले. वहीत तसं लिहिलंच होतं: 'यांचा राग घेणे.'

"सगळे तुका बरो म्हणतले असो गाव खंयच नाय," ते म्हणायचे. "कोणाचो राग घेवचो ता आपणच ठरवूचा. नायतर लोक ठरवतत."

मला ते पटायचं. पण ती लाल पट्टी बघितली की माझा जीव खालीवर व्हायचा. कोणीतरी आपल्यावर चिडलेलं आहे आणि काका आरामात सोलकढी पितायत!

नावाड्यांची पट्टी पूर्ण हिरवी झाली तेव्हा त्यांनी वैदिणीला आपली घंटा सांभाळायला दिली. धुक्यात होड्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून वाजवायची, पिढ्यान्‌पिढ्यांची घंटा. काकांनी त्या दिवशी काकींना मुद्दाम बोलावून ती दाखवली. त्यांना तिथवर यायला दोन वर्षं लागली होती, त्यातलं जवळपास एक झटक्यानंतरचं. त्यांनी खेळाची अशी पद्धत निवडली होती की सेव्ह एकच. झालेलं मागे घेता येत नाही. "दर्यात खंय मागे घेतत?" म्हणायचे.

त्याच सुमारास गावच्या देवळात मानावरून वाद झाला. पालखीला पहिला खांदा ज्या घराचा, त्यांच्याऐवजी दुसऱ्याच घराने तो दिला. दोन्हीकडची माणसं हमरीतुमरीवर आली. मी काकांची चाकाची खुर्ची धरून मागे सरकलो. मग ज्याची चूक त्या घरातला म्हातारा पुढे आला, देवापुढे नारळ ठेवला. गावच्या वतीने गाऱ्हाणं घातलं गेलं, चुकी झाली असेल ती पदरात घे, लेकरांना सांभाळ, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव एका आवाजात "होय म्हाराजा!" अर्ध्या तासात तीच माणसं एका पंगतीत आमटी वाढून घेत होती. असं काही मी आमच्याकडे पाहिलं नव्हतं. आमच्याकडे असली भांडणं तीन पिढ्या चालतात.

ते डोक्यात घेऊन मी घोळ घातला.

एका दुपारी काका झोपले होते, काकी बचतगटाच्या बैठकीला गेल्या होत्या. मी माझा रानडुकराने फाडलेला गडी सोडून काकांची वैदीण उघडली. वाटलं, उठल्यावर त्यांना दाखवू, बघा, एकही लाल नाही. मी तिला किल्ल्यावर नेलं. पहारेकऱ्यांच्या म्होरक्यापुढे उत्तरांची यादी आली. इंग्रजी अडखळत का होईना, मला कळलं होतं. तिथे माझी फसगत झाली नाही. एक उत्तर होतं, माफी मागून काहीतरी मोलाचं पायाशी ठेवणं. गाठोड्यात मोलाचं एकच होतं. मी मनात "होय म्हाराजा" म्हटलं आणि नावाड्यांची घंटा ठेवली.

लाल पट्टी पिवळी झाली. मी टाळी वाजवणार तोच हिरवी पट्टी पाण्यासारखी ओघळली आणि लाल झाली. नदीवर गेलो तर नावाड्यांनी होडी काठापासून दूर लोटली. एकाने पाठ फिरवली, तोच ज्याच्या मुलाचं विष वैदिणीने उतरवलं होतं.

चार दिवस मी खोटं बोललो. पहिल्या दिवशी लाइट नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी व्होल्टेज कमी.

"फॅन तर गरगरता मरे," काकी म्हणाल्या.

"कॉम्प्युटरला जास्त लागतं."

रोज पिशवी भरायचो, रोज रिकामी करायचो. दोन माणसं परत गेली होती, तिसरा मी. घरी परत जायचं तर शाळेच्या त्याच फाटकासमोरून जावं लागतं. आणि त्याहून वाईट म्हणजे काकांचं तोंड. अंगातलं इतकं गेल्यावर ही वैदीण तेवढी त्यांच्या स्वतःच्या ठरवण्यानं चालत होती.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "खेळ नाय तर नाय. वही घे, तिसाव्यापुढच्या पाच लेव्हल लिही." आणि सांगू लागले. घंटा वाजवून धुकं हटवायचं, मग नदीपलीकडचं गाव, तिथे घंटा दाखवली की दार उघडतं. सगळं घंटेवर उभं. मी दोन ओळी लिहिल्या. तिसरीला पेन थांबलं.

"काका, घंटा नाही. मी देऊन टाकली."

सगळं सांगितलं. देवळातला नारळसुद्धा. काका म्हणाले, "वही बंद कर."

दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. व्यायामाला मी आकडे म्हणायचो, आता ते स्वतःच म्हणायचे. काकींनी माझ्या ताटात मासा वाढला, पण कावळ्याची चेष्टा केली नाही. मी तर ती ऐकायला आसुसलो होतो.

तिसऱ्या दिवशी एजन्सीच्या बाईंचा महिन्याचा फोन आला. काकांना फोन धरता येत नाही, तो मीच त्यांच्या कानाशी धरतो. आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं. बाईंनी विचारलं, "काम कसं आहे? काही तक्रार?"

काका कचेरीतल्या मराठीवर आले. "तक्रार आहे."

माझ्या हातून घसरून फोन त्यांच्या गालाला लागला.

"मुलगा फार घाबरतो," काका म्हणाले. "घाबरून चुका करतो, आणि चुकला की स्वतः येऊन सांगतो. आधीचे दोघे सांगत नव्हते. बदली माणूस नको. हाच राहू दे." मग माझ्याकडे तिरपं बघून, "फोन सरळ धर रे. माका कानानं ऐकाक येता, गालानं नाय."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघराच्या मागे जाऊन तोंड धुतलं. परत आलो तेव्हा काकांनी वही मांडीवर ओढून घेतली होती. कशी, ते मी पाहिलं नाही. डाव्या हातानेच ओढली असणार.

"बस हय. त्या म्हाताऱ्यान नारळ ठेवलो तो तेच्या परड्यातलो होतो. आणि नारळ ठेवच्या आधी चाळीस वर्सां तेना पालखी व्हायली. तू दुसऱ्याच्या झाडाचो नारळ दिलंस, झिला. तेना मान येवचो नाय."

"मग आता?"

"आता आपल्याकडे काय काय उरला ता लिही."

विष उतरवायची विद्या. बोलणं. रानातल्यांची पत. काठी. वहीच्या कोऱ्या पानावर माझ्या वाकड्या अक्षरात आम्ही वैदिणीचा पुढचा जन्म पुन्हा आखला. काकांनी मला उत्तर दिलं नाही, विचारत गेले. नावाड्यांना काय लागतं? औषध. मागतील का? नाही. मग? घाटावर ठेवून यायचं, बोलायचं नाही. किती दिवस? "ता ते ठरवतले," काका म्हणाले. "आता पॉइंट बोलण्यात घालू नको. हिचा बोलणा आता कोण ऐकूचा नाय. सोसण्यात घाल."

खेळात सोसण्याचा गुण होता, वहीत त्याचा रकाना नव्हताच. मी पट्टीने रेघ ओढून नवा काढला.

त्यानंतर पावसाळा गेला, आंब्याला मोहोर आला. रोज दुपारी वैदीण घाटावर औषध ठेवते आणि मागे फिरते. पट्टी अगदी राईएवढी सरकते. परवा ती लालची पिवळी झाली. होडीत अजून कोणी घेत नाही. मी मधल्या काळात आप्पांना एकदा नाही म्हणालो, पंप दुसऱ्याकडून बघून घ्या. ते तीन दिवस फुगून होते. तरी मी नीट झोपलो.

काकांचे उपकार कसे फेडायचे, याचा विचार मी अलीकडे करतो. त्यांना माझ्याकडून वस्तू नको, आभार तर ते ऐकूनच घेत नाहीत. पण त्यांच्या डाव्या हाताची थरथर कमी झालीय. व्यायामानंतर मी माऊस डावीकडे ठेवतो आणि चार मिनिटं त्यांनाच वैदीण चालवू देतो. ती झाडावर आपटते, काठावरून पाण्यात पडते, काका शिव्या देतात. पूर्वी दोन मिनिटं जमायचं. बटणं एका हाताला कशी जोडता येतात हे मी शोधतोय. हळूहळू वाचत, पण आता इंग्रजीतून. काका, एक दिवस हा अख्खा खेळ मी तुमच्या डाव्या हातात परत देईन, असा की शेजारी बसलेल्या माझ्या हातांची तुम्हाला गरज लागणार नाही. त्या दिवशी मला भीती वाटेल. तरी देईन.