कानाची खूण

गेवराईतलं माझं स्पेअर पार्टचं दुकान बुडालं, तेव्हा वकिलानं कोर्टात नादारीचा अर्ज करू म्हणून सांगितलं. नावावर जे आहे ते सगळं खरं लिहा, असंही बजावलं. पण मी लई शहाणा! वडिलांच्या माघारी माझ्याकडं आलेली मेंढरं घेणेकऱ्यांच्या हाती लागू नयेत म्हणून मी ती मेहुण्याच्या कळपात घातली.

आमच्यात मेंढराची मालकी कागदावर नसते, कानावर असते. आमची खूण म्हणजे डाव्या कानाला खाच. वडील अंधारातही बोटानं ती चाचपून आपलं मेंढरू ओळखायचे. मेहुण्याची खूण उजव्या कानाला चीर. मी एकेक मेंढरू धरलं, डावा कान खाचेसकट कापून टाकला आणि उजव्याला चीर दिली.

"मुक्या जिवाला कामून कापताय?" बायको रडत म्हणाली. मी तिच्यावरच खेकसलो. मग कोर्टात लिहून दिलं, माझ्याकडे एकही जनावर नाही.

कोर्टाचं सगळं उरकल्यावर मेंढरं मागायला गेलो. मेहुणा बसल्या जागचा उठला नाही.

"दाजी, कान बघा. कोर्टात काय लिहून दिलंय, तेबी आठवा."

निघालो, तर वडिलांनी वाढवलेली एक म्हातारी मेंढी कळपातून मागं आली आणि गुडघ्याला डोकं घासायला लागली. सवयीनं माझं बोट खाच शोधत तिच्या डाव्या कानाकडं गेलं. तिथं कानच नव्हता.