इंका नगर पाहून आलेला माणूस

साठच्या दशकात मी जर्मनीत आखनला शिकत होतो. एकदा कोलोनच्या गाडीत समोर पन्नाशीचा एक जर्मन गृहस्थ बसला होता. मी हिंदुस्थानातला आहे हे कळल्यावर त्याने विचारलं, "तुमच्याकडे डोंगर आहेत?" मी सह्याद्रीबद्दल उत्साहाने बोलत सुटलो.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी मुलाला घेऊन पेरूला गेलो होतो. इंका लोकांचं पडकं नगर बघायला वाटाड्याबरोबर कित्येक दिवस चढत होतो. वाटेत दरड कोसळली. मुलाचा हात माझ्या हातातून सुटला."

बोलताना तो स्वतःचंच मनगट घट्ट आवळत होता.

"मग मागे फिरलात?" मी कसंबसं विचारलं.

"मागची वाट बुजली होती. वाटाड्याने पुढे नेलं, त्या नगरातूनच. सकाळी धुकं विरलं आणि सगळं समोर आलं. फार सुंदर होतं ते. मुलगा खाली दरीत होता, आणि मला ते सुंदर दिसलं."

कोलोन आलं. धीराचं काही बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्याने नुसती मान हलवली आणि तो उतरून गेला. आज मी त्याच्यापेक्षा म्हातारा आहे. त्याला काय म्हणायला हवं होतं, ते मला अजूनही सुचलेलं नाही.