रस्त्यापलीकडची गर्दी

शनिवारी सकाळी स्कॉटलंडातलं अर्धं किलब्रेनी गाव फावडी आणि दाताळी घेऊन गोल्फच्या मैदानावर उतरलं, आणि रस्त्याच्या अलीकडे वॉटी पर्डीच्या पोटात दुखायला लागलं. खाल्लेलं-प्यायलेलं बाधलं नव्हतं. दुसऱ्याचं बरं चाललेलं पाहून जे दुखतं, ते हे दुखणं. कुंपणाच्या झुडपात दोन बोटांनी फट करून तो पलीकडे कोण कोण आलंय ते बघत होता. पाद्री आला होता. खाटीक दुकान बंद ठेवून आला होता. वॉटी जन्मभर प्लंबर. ज्यांच्या घरचे गळके पाइप त्याने रविवारी भरल्या ताटावरून उठून जोडून दिले होते, ते सगळे तिथे हजर.

"जेसी, मक्लूअरीण पण आलीय बघ! तिचे तर गुडघे गेले होते ना?"

"गुडघे धड आहेत तिचे," त्याची बायको बाकावरून म्हणाली. "तुझ्याकडे यायचं म्हटलं की दुखतात फक्त."

मैदान होतं कौन्सिलचं. एके काळी कुणीही यावं, चार पैसे टाकावेत, भाड्याच्या काठ्यांची पिशवी खांद्याला लावून समुद्राच्या वाऱ्यात चेंडू हरवून यावं. मग कौन्सिलने गवत कापणं थांबवलं. काटेरी झुडपं माजली, वाळूच्या खड्ड्यात कुणीतरी जुना सोफा आणून टाकला आणि त्याच्यात कोल्हीण व्याली. इतकी वर्षं गावाने हूं की चूं केलं नाही. आणि आता तिथे सुट्टीवाल्यांच्या गाड्यांचा तळ होणार अशी कुणकुण लागताच सगळ्यांना त्या मैदानाचं प्रेम असं काही आलं की विचारू नका.

हे प्रेम आणलं शीना लोगनने. तीस वर्षं तिने गावची बस चालवली होती. कोण कुठल्या थांब्यावर चढतो आणि कुणाला कशाने गहिवरून येतं, हे तिला पाठ होतं. ती दारोदार फिरली. दुसऱ्याच आठवड्यात डाळीच्या सुपाचं भलंमोठं पातेलं मैदानावर वाफाळायला लागलं.

वॉटीला गोल्फचं वावडं नव्हतं. त्याचं दुखणं वेगळं होतं. रस्त्याच्या अलीकडे, झुडपांच्या चौकटीत, गावच्या बोल्स क्लबची हिरवळ होती, आणि ती वॉटी सांभाळत होता. इथे जड काळे चेंडू गवतावरून लोळवत सोडायचे. पांढऱ्या लहान गोळीच्या जवळ ज्याचा थांबेल, तो जिंकला. हे गवत त्याच्या आजोबांच्या काळात सॉल्वेच्या खाडीवरून घोडागाडीने आणलेलं, भरतीच्या खाऱ्या पाण्यात वाढलेलं, बोट फिरवलं तर मखमल. आधी त्याच्या बापाने ते जपलं, नंतर याने. फाटकावर बापाच्या हातची पाटी होती: 'फक्त सपाट तळव्याचे बूट'.

त्या पाटीपायीच त्याचं लग्न झालं. उन्हाळी जत्रेच्या दिवशी एक मुलगी उंच टाचांचे बूट घालून थेट हिरवळीवर आली, आणि वॉटी सगळ्या गावादेखत तिच्यावर खेकसला. तिने बूट काढून हातात घेतले, अनवाणी अख्खी हिरवळ ओलांडली आणि त्याच्या नाकासमोर उभी राहून म्हणाली, "आता?" त्या खेकसण्याइतक्या जिव्हाळ्याने तो आपल्याशी पुन्हा कधी बोलला नाही, असं जेसी अजून सांगते.

तेव्हा शनिवारी पाळीसाठी थांबावं लागायचं. आता क्लबात उरले होते वॉटी, जेसी, दोन डावांच्या मध्ये झोप लागणारा म्हातारा बर्ट, आणि एकमेकींशी अबोला धरलेल्या दोघी गेमल बहिणी. जागा कौन्सिलचीच. शरद ऋतूपर्यंत माणसं वाढली नाहीत तर क्लब बंद, हिरवळीवर डांबर ओतून दवाखान्यासाठी गाडीतळ, असं त्याला स्पष्ट सांगितलं गेलं होतं. त्याला माणसं हवी होती. आणि माणसं होती, अगदी हाकेच्या अंतरावर. फक्त रस्त्याच्या पलीकडे.

"मी काय कमी केलंय गं यांचं?" तो म्हणाला. "त्या उकिरड्यासाठी घाम गाळतात. आणि इथे? इथे सगळं तयार आहे! यायचं आणि खेळायचं!"

"म्हणूनच येत नाहीत," जेसी म्हणाली. "इथे कुणाला काही करायला तू ठेवलंयस का? बर्टने एकदा पाणी घालायचा पाइप उचलला तर तू त्याच्या हातातून काढून घेतलास."

वॉटीला हे पटलं नाही. त्याने पुढच्या शनिवारी क्लब सगळ्यांना खुला ठेवला. दारात फुगे लावले, जेसीकडून दोन पराती भरून स्कोन, म्हणजे गोडसर छोटे पाव, भाजून घेतले. बर्ट आला आणि झोपला. दुपारी फाटकाशी गलका झाला. वॉटीने टोपी सारखी केली आणि तो धावत गेला. शीना होती, मागे दहा-बाराजण, सगळ्यांच्या हातात बादल्या.

"वॉटी, राजा, तुझा नळ वापरू का?" ती म्हणाली. "मैदानातल्या चौथ्या भोकाभोवती गवताचं नवं बी पेरलंय. या उन्हात पाणी नाही मिळालं तर करपून जाईल बघ."

फुग्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

"नळ बिघडलाय," वॉटी म्हणाला.

"तुझा?"

"माझा."

शीना सगळ्यांना घेऊन निघून गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: प्लंबरचाच नळ बिघडला. दारूच्या गुत्त्यात लोक पोट धरून हसले.

त्या मे महिन्यात पावसाचा थेंब पडला नाही, आणि स्कॉटलंडात हे असं कधी नव्हे तेच झालं. शीना रोज समुद्रकाठच्या शौचालयाच्या नळावरून डबे भरून आणायची. वॉटीच्या झुडपावरून तिचं लाल केसांचं डोकं हिंदकळत जाताना दिसायचं. चौथ्या भोकाभोवती आधी पोपटी लव आली, मग ती पिवळी पडली, मग माती उरली. ज्या दिवशी ती लव गेली, त्या दिवशी वॉटीला आनंद झाला. चांगला उकळ्या फुटेपर्यंत आनंद झाला. रात्री मात्र त्याने ताट सरकवलं. कुणाचंही असो, गवत मेलं होतं, आणि ते आपण मारलं हे त्याला कळत होतं.

उन्हाळा सरला. क्लबात एक माणूस वाढला नाही. उलट बर्टला त्याची मुलगी ग्लासगोला घेऊन गेली. ऑक्टोबरात कौन्सिलचा माणूस आला आणि टाचांचे बूट घालून हिरवळीच्या मधोमध उभा राहून फीत धरून मापं घेऊ लागला. वॉटी त्याच्यावर ओरडलाही नाही. जेसी घाबरली ती तेव्हा.

त्याच संध्याकाळी तो रस्ता ओलांडून गेला. शीना सुपाचं पातेलं घासत होती.

"नळ दुरुस्त झाला," तो म्हणाला.

"बिघडला कधी होता?"

वॉटी बुटाच्या टोकाने चिखल उकरत राहिला. "मला तुझा हेवा वाटला, शीना. अजून वाटतो. तू नुसतं हूं म्हटलंस की गाव धावतं."

"मी हूं नाही म्हटलं. मी मदत मागितली," शीना म्हणाली. "तू कधी मागितलीस?"

वॉटी म्हणाला, "माझं गवत घेऊन जा. चौथ्या भोकाला लाव. डांबराखाली जाण्यापेक्षा तुझ्याकडे गेलेलं बरं." आणि मग, दात उपटून घेताना तोंड उघडावं तसं कसंबसं: "मला एकट्याला नाही उचलता येणार ते. माणसं लागतील."

शनिवारी माणसं आली. पाद्री आला, खाटीक आला, मक्लूअरीण आपले धडधाकट गुडघे घेऊन आली. रस्त्यापर्यंत रांग गेली. फाटकापाशी सगळे त्या पाटीखाली थबकले, आणि कुणी काही न सांगता वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. ऑक्टोबरच्या गारठ्यात नुसत्या मोज्यांवर गाव हिरवळीवर उतरलं. वॉटी पुढे कापत होता, लोक मागून गवताच्या चकत्या उचलून भाकरीसारख्या हातावर घेऊन रस्ता ओलांडत होते. दोघी गेमल बहिणींनी एक चकती दोन बाजूंनी धरली आणि "जरा सावकाश" असं एकीने दुसरीला म्हटलं. बाकावर सुपाचं पातेलं होतं. एवढी गर्दी त्या जागेने वॉटीच्या लग्नानंतर पाहिली नव्हती. गर्दी बघत तो मध्येच थांबला, आणि नाक शिंकरायचं निमित्त करून बराच वेळ रुमालात तोंड घालून उभा राहिला. संध्याकाळी तिथे काळी माती उरली.

एप्रिलमध्ये मैदान सुरू झालं. चौथ्या भोकाशी बापाची पाटी रोवलेली होती आणि शेजारी वॉटी पाइप घेऊन उभा होता. खिळ्यांचे बूट काढून, हसत, मोज्यांवर लोक चेंडू ढकलत होते. पाइपचं एक टोक वॉटीने, तिने न मागता, मक्लूअरणीच्या हातात दिलं होतं.

"थांबलं का आता पोटातलं दुखणं?" जेसीने विचारलं.

वॉटी गुडघ्यावर बसला आणि त्याने गवतावरून बोट फिरवलं. दाट होतं. त्याने तीस वर्षं घासून-पुसून कधी केलं नव्हतं इतकं दाट आणि हिरवंगार.

"थांबतंय कसलं?" तो म्हणाला. "माझ्याकडे होतं तेव्हा याला असं व्हायला काय झालं होतं?"