दुर्पताचं बोट

आमच्या झाडीपट्टीतल्या प्रतापगडाच्या पायथ्याची सुईण दुर्पता एका जागी घटकाभर बसली तर शपथ. सदतीस साली स्पेन देशाच्या एक सिस्टर गावात दवाखाना थाटून बसल्या, तेव्हा तीच त्यांच्या हाताखाली लागली. सिस्टरांना मराठीचा गंध नाही, हिला त्यांच्या भाषेचा. मग परसात शाळा सुरू झाली. हातातलं ते एस्ते, समोरच्यापाशी असेल ते एसे, दोघींपासून लांब ते अकेल. सिस्टर बोट करायच्या, दुर्पता येरझारा घालत घोकायची.

एकदा सिस्टरांनी वेलावरच्या कोवळ्या भोपळ्याकडे बोट केलं. दुर्पतानं त्यांचा हात धरून खाली ओढला.

"बोट नोको दाखवू बाई, फळ सडते!"

कोवळ्या फळाला आणि पोटुशीच्या पोटाला बोट दाखवायचं नाही, आतलं नासतं; दाखवायचंच तर मूठ वळून. आमच्याकडे हे शेंबडं पोरही जाणतं. सिस्टर रागावल्या. पण चार दिवसांत भोपळा सडला. माशी लागली होती, मी डोळ्यांनी पाहिलं; पण दुर्पताला सांगायची सोय होती का? मग सिस्टरही मुकाट्यानं मुठीनं शिकवू लागल्या.

पुढच्या वर्षी दुर्पताची एकुलती लेक चमेली बाळंतपणाला माहेरी आली. दोन दिवस कळा चालल्या, पोर आडवं. मी शेजारीण, चुलीवर पाणी तापवत होते. सिस्टरांनी हात धुऊन घेतलेले, त्या कुणाला जवळ शिवू देईनात. दुर्पता दारात उभी, नुसती तळमळत. सकाळी तेल लावताना तिनं पोट चाचपलं होतं. डोकं कुठं अडलंय ते तिला ठाऊक होतं, आणि सिस्टर भलतीकडेच दाबत होत्या.

"एसे! एसे!" ती मूठ हलवून ओरडली. मुठीनं सगळंच पोट दाखवलं जात होतं. सिस्टर गोंधळून बघत राहिल्या. चमेलीचे डोळे फिरले.

तेव्हा दुर्पतानं मूठ उघडली आणि सरळ बोट केलं, डाव्या बरगडीखाली. "एसे!"

माझ्या हातातलं भांडं पडलं. सिस्टरांनी तिथं हात दाबला, पोर फिरवलं. दिवस मावळायच्या आत मुलगा झाला, रडला.

बाराव्या दिवशी चमेलीनं विचारलंच. लेकरू मांडीवर झोपलं होतं.

"माय, तुले मालूम होतं ना? मंग बोट काऊन दाखवलंस?"

दुर्पता खुंटीवरचं लुगडं काढत, पुन्हा टांगत राहिली. मग म्हणाली, "लेकराची आशा म्या सोडली होती. मले तू पायजे होतीस."

चमेलीनं लेकरू पदराखाली ओढलं आणि आईकडे पाठ केली.