टेबलावरचा वाडगा

माणूस आधी तपासून घ्यावा, मग त्याच्याशी हसावं, असा माझा स्वभाव. साउथहॅम्प्टनला मी ज्युनियर डॉक्टर होते, दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. माझ्या फ्लॅटमध्ये एक जपानी मुलगी राहायला आली. ती लॅबमध्ये रिसर्च करायची. स्वयंपाकघर दोघींत एकच, त्यामुळे तपासायला सोपं.

ती एकटी असली की भाताचा वाडगा टेबलावर ठेवून चमच्याने जेवायची. जपानी मैत्रिणी आल्या की मात्र वाडगा हातात उचलून काड्यांनी. आजीशी फोनवर बोलायला थेट बाहेर कार पार्कमध्ये, पावसातसुद्धा. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं होतं. शेवटी एकदा विचारलंच.

"तू दोन तऱ्हांनी का जेवतेस?"

तिने चमचा खाली ठेवला. "त्या बाई काही विचारायला लागल्या की तू भांडी घासायला का उठतेस?"

त्या बाई म्हणजे आमच्या सीनियर डॉक्टरांची बायको. मी त्यांना वहिनी म्हणायचे. दर रविवारी त्या माझ्यासाठी काहीतरी करून आणायच्या, माहेरून आणलेल्या स्टीलच्या डब्यात. पुढच्या रविवारी तो आठवणीने परत न्यायच्या. आणि विचारायच्या, "अगं, नांदेड म्हणजे प्रॉपर नांदेड की जवळपास? तुझं सरनेम दोन्हींकडे असतं ना, म्हणून जस्ट विचारलं." दोन्हींकडे म्हणजे कोणाकोणाकडे, ते कधी सांगायच्या नाहीत. माझं गाव नांदेडपासून तासाभरावर, घर वेशीबाहेर, आणि आजोबांपासून आम्ही बौद्ध. हे सगळं मी 'नांदेडच' या एका शब्दात गुंडाळायचे आणि सिंककडे वळायचे. मराठीचं अक्षरही न कळणाऱ्या मुलीने ते हेरलं, याचा मला राग आला.

मग तिने आपलं सांगितलं. तिचे आजोबा कोरियातून ओसाकाला मजुरीला आलेले. तीन पिढ्या तिथेच. तिचा जन्म तिथला, भाषा तिथली, पासपोर्ट मात्र कोरियाचा. नावंही दोन, एक दारावर लावायचं जपानी, दुसरं आजीच्या तोंडचं. कोरियन घरात वाडगा उचलत नाहीत, भात चमच्याने खातात. जपान्यांत न उचलणं वाईट दिसतं. एका जपानी मुलाशी तिचं लग्न ठरत होतं. त्याला हे सगळं ठाऊक होतं, त्याच्या आईला नव्हतं. आणि ती आई मुलीला बघायला येणार होती.

"तू बोलणार नाहीस ना?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नसावा. माझाही बसला नसता.

आई आली, मुलगाही आला. मलाही जेवायला बसवलं. भात, मासे, सगळ्यांचे वाडगे हातात. आई फार हळू आणि गोड बोलायची. मला जपानी ओ की ठो कळत नाही, पण तो प्रश्न कळला. 'ओसाका', हिने उत्तर दिलं. आई हसली, मान डोलावली आणि पुन्हा काहीतरी विचारलं. त्यातही ओसाका होतं. प्रॉपर ओसाका की जवळपास? सूर अगदी वहिनींचा. मुलगा माशातले काटे काढत राहिला. मी सवयीने भांडी घासायला उठले.

वळून बघते तर हिने वाडगा टेबलावर ठेवला होता. चमचा घेतला आणि शांतपणे जेवू लागली. आई त्या चमच्याकडे बघत राहिली. मग तिने कमरेत वाकून जेवणाचे आभार मानले आणि मुलाला घेऊन गेली. आठवड्याने त्याचा फोन आला, थोडं थांबू या म्हणाला. त्यानंतर फोन आला नाही.

पुढच्या रविवारी वहिनी आल्या. "मग, नक्की गाव कुठलं गं तुझं?"

ही टेबलाशी जेवत होती. तिचा चमचा थांबला. मी उठले नाही. गावाचं नाव सांगितलं, आमचं घर कुठे आहे तेही सांगितलं.

"अय्या, एवढंच ना? आम्ही असलं काही मानत नाही हं," वहिनी म्हणाल्या. चहा नको म्हणाल्या, कार डबल यलो लाइनवर, नो पार्किंगमध्ये होती म्हणे. मी मागच्या वेळचा डबा धुऊन पुसून पुढे केला.

"राहू दे गं," त्या पर्स उचलत म्हणाल्या, "तो तुझ्याकडेच ठेव आता."